आळ व साक्ष

भाद्रपद शुद्ध चतुर्थीस गिरगांवच्या चाळींतून अजूनहि एक सूचना कानीं पडते : आज चंद्राकडे पाहूं नका, चोरीचा आळ येईल. लालबाग-परळच्या मांडवांतून त्या रात्रीं दिव्यांचा एवढा झगमगाट असतो कीं, तेथें चंद्र कोणाच्या दृष्टीस पडण्याचा संभवच थोडा. तरी आज्या नातवंडांना दटावावयास विसरत नाहींत. चुकून चंद्र दिसलाच तर स्यमंतक मण्याची कथा ऐकावी, म्हणजे दोष जातो, असा उपायहि त्यांच्यापाशीं तयार असतो. या उपायांतील मर्म आम्हांस फार उशिरां कळलें. आळाचा दोष घालविण्यासाठीं आमच्या वाडवडिलांनीं एक कथा सांगून ठेविली, आणि ज्याच्यावर आळ आला त्यानें पुढें काय केलें एवढाच त्या कथेचा विषय आहे.

गेल्या चातुर्मासांत आम्हीं तीन पुस्तकें पुन्हां एकापाठोपाठ एक वाचलीं : बाबा पदमनजी यांचें 'अरुणोदय', पंडिता रमाबाईंची 'माझी साक्ष' आणि लक्ष्मीबाई टिळकांचीं 'स्मृतिचित्रें'. तिन्ही आत्मचरित्रें ख्रिस्ती झालेल्या मराठी माणसांचीं आहेत. मराठी वाङ्मयाच्या इतिहासांत 'ख्रिस्ती वाङ्मय' नांवाचा एक वेगळा कप्पा करून त्यांत पहिलीं दोन ठेवून द्यावयाचीं, आणि तिसरें मात्र त्यांतील विनोदासाठीं बाहेर काढून वाचावयाचें, अशी आमच्या सुशिक्षित वर्गाची रीति आहे. आम्ही स्वतः ख्रिस्ती नाहीं. हीं पुस्तकें धर्मोपदेशासाठीं आम्हीं हातीं घेतलीं नाहींत. तिन्ही लेखकांना त्यांच्या हयातींत स्वकीयांचे आळ सोसावे लागले, आणि आळ घेणारे बहुतेक आमच्यासारखेच पांढरपेशे, वर्तमानपत्रें वाचणारे लोक होते. खोट्या आरोपास मनुष्यानें काय उत्तर द्यावें, हा प्रश्न या पुस्तकांत तीन प्रकारें सोडविलेला आहे, आणि त्यांचें वाङ्मयीन गुणदोषविवेचन या प्रश्नावांचून करतां येणार नाहीं, असें आम्हांस वाटतें.

आमच्या परंपरेंत या प्रश्नाचीं दोन उत्तरें ठळक आहेत. पहिलें श्रीकृष्णाचें. सत्राजितानें मणि चोरल्याचा आळ घेतांच कृष्ण द्वारकेंतील लोकांस बरोबर घेऊन अरण्यांत गेला, प्रसेनाचें प्रेत, सिंहाचा माग, जांबवानाची गुहा असा एकेक पुरावा शोधीत मण्यापर्यंत पोंचला, आणि तो मणि त्यानें भर सभेंत सत्राजिताच्या हातीं दिला. दुसरें उत्तर सीतेचें. लोकापवाद उठल्यावर रामानें चौकशी केली नाहीं, त्याग केला. आणि शेवटीं जेव्हां पुन्हां शुद्धि सिद्ध करावयास सांगण्यांत आलें, तेव्हां सीतेनें धरणीस हांक मारली. पुरावा हातीं लागण्याजोगा असेल तर कृष्णाचा मार्ग उत्तम. परंतु बहुतेक आळ मनुष्याच्या हेतूवर असतात. आणि हेतूचा मणि कोणत्या गुहेंतून काढून आणावयाचा? अशा वेळीं आमच्या समाजांतील स्त्रियांपुढें, आणि पुष्कळदां पुरुषांपुढेंहि, सीतेचाच मार्ग उरला.

ख्रिस्ती शास्त्रांत या बाबतींत जें सांगितलें आहे तें वरवर पाहतां परस्परविरुद्ध वाटतें. पिलातापुढें आरोपांची सरबत्ती चालली असतां येशू गप्प राहिला, असें शुभवर्तमानकार सांगतात. पण तोच येशू, मुख्य याजकापुढें एका शिपायानें चपराक मारली तेव्हां गप्प राहिला नाहीं. माझें बोलणें चुकीचें असेल तर चूक दाखीव, बरोबर असेल तर मारतोस कां, असा त्यानें सरळ सवाल केला. पौलानें तर आपल्यावरील आरोपांचा निकाल कैसराकडे व्हावा म्हणून रोमी नागरिकाचा हक्क बजावला. पेत्र आपल्या पत्रांत लिहितो कीं, तुमच्या आशेचें कारण विचारणाऱ्यास उत्तर देण्यास नेहमीं तयार असा, पण तें सौम्यतेनें द्या. बारकाईनें पाहिलें म्हणजे यांत विरोध नाहींसें दिसतें. ज्यानें निकाल आधींच ठरविला आहे त्याच्यापुढें मौन. ज्याला अजून प्रश्न विचारतां येतो त्याला प्रश्न. जेथें कार्य धोक्यांत असेल तेथें न्यायासन. आणि जो खरोखर जाणूं इच्छितो त्याला सौम्य शब्दांत साक्ष. 'साक्ष' हा कचेरींतला शब्द, पण मराठी ख्रिस्ती मंडळींनीं त्याला एक नवा अर्थ दिला : आपल्या आयुष्यांत काय घडलें तें स्वतःचा बचाव न करतां सांगणें. आम्हांस वाटतें, मराठी आत्मचरित्राला या शब्दाचें ऋण आहे.

अफवांचें हें पीक मुंबईंत कोणत्या जमिनींत उगवलें हेंहि ध्यानांत घेतलें पाहिजे. १८३९ सालीं डॉ. जॉन विल्सन यांच्या शाळेंतील धनजीभाई नवरोजी व होरमसजी पेस्तनजी या दोघां पारशी तरुणांनीं बाप्तिस्मा घेतला, आणि शाळा ओस पडली. १८४३ मध्यें नारायण शेषाद्रि ख्रिस्ती झाले. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपति यास कोर्टानें बापाच्या ताब्यांत दिलें, आणि त्याला शुद्ध करून जातींत घ्यावें कीं नाहीं यावरून बाळशास्त्री जांभेकरांसारख्या विद्वानासहि स्वजातीयांचा रोष पत्करावा लागला. मिशनऱ्याच्या शाळेंत मुलगा घातला तर तो हातचा जाईल, ही आईबापांची भीति निव्वळ कल्पनेची नव्हती. अफवा पुष्कळदां खऱ्या भीतीच्या पोटीं जन्मास येते. म्हणूनच ती इतक्या लौकर बाळसें धरते.

याच मुंबईंत १८४९ च्या सुमारास परमहंस सभा निघाली. जातिभेद मोडूं पाहणारे हे सुशिक्षित गृहस्थ गुप्तपणें एकत्र जमत, पाव खात, प्रार्थना करीत. लोक काय म्हणतील ही धास्ती त्यांच्या पांचवीला पुजलेली होती. १८६० च्या सुमारास सभासदांच्या नांवांची यादी चोरीस गेली, आणि नांवें फुटणार या भयानेंच सभा मोडली. आरोप तर अजून व्हावयाचाच होता. त्याच्या नुसत्या सांवलीनें तिचा प्राण घेतला. या सभेच्या सभासदांपैकीं एक तरुण मात्र तत्पूर्वींच निराळ्या वाटेनें गेला होता. त्याचें नांव बाबा पदमनजी.

बाबांचा बाप्तिस्मा १८५४ सालीं बेळगांवीं झाला, आणि 'अरुणोदय' प्रसिद्ध झालें १८८८ सालीं. मधल्या चौतीस वर्षांत, ख्रिस्ती होणाऱ्या प्रत्येकावर होतो तोच आरोप त्यांच्यावरहि होणें क्रमप्राप्त होतें : पैशासाठीं बाटला, नोकरीसाठीं बाटला, पोरवयांत साहेबांनीं फितविला. 'अरुणोदया'ची सारी रचना या आरोपाचें उत्तर आहे, पण तें उत्तर वादाच्या रूपांत येत नाहीं. बाबा आपलें बाळपण सांगतात, घरांतील देवधर्म सांगतात, व्रतें, वाचन, शंका, पुन्हां श्रद्धा, पुन्हां शंका, असा एकेक टप्पा सांगतात. लोभानें मनुष्य एका रात्रींत बदलतो. येथें वर्षांमागून वर्षें जातात. कालक्रम हाच त्यांचा पुरावा. पुस्तकाचा दोषहि येथेंच आहे. पुढें काय व्हावयाचें तें लेखकास ठाऊक असल्यामुळें मागच्या प्रत्येक प्रसंगांत तो अरुणोदयाची तांबडी छटा पाहतो. आईबापांच्या धर्मांतील गोडवा त्याच्या हातून निसटतो. आपल्यावर अन्याय झाला असें वाटणाऱ्या लेखकानें ज्यांना सोडून आलों त्यांच्यावर अन्याय करूं नये, ही कसोटी 'अरुणोदय' पुरतेपणीं उतरत नाहीं.

रमाबाईंची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे, आणि आमच्या वर्गाला अधिक जवळची. ११ मार्च १८८९ रोजीं गिरगांवच्या चौपाटीजवळ शारदा सदन निघालें. उच्चवर्णीय बालविधवांनीं शिकून आपल्या पायांवर उभें राहावें हा त्याचा हेतु. बोस्टन येथें स्थापन झालेल्या रमाबाई असोसिएशननें पैसा पुरविला, आणि सदनांत कोणाच्याहि धर्मांत हात घालावयाचा नाहीं असें ठरलें. न्यायमूर्ति रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारखे गृहस्थ सल्लागार होते. १८९० सालीं सदन पुण्यास गेलें. पुढें मुलींना ख्रिस्ती करण्याचा हा कारखाना आहे अशी हाकाटी झाली, 'केसरी'नें ती नेटानें चालविली, आणि ऑगस्ट १८९३ मध्यें सल्लागारांनीं जाहीर रीतीनें आपला संबंध तोडला. अनेक पालकांनीं मुली काढून नेल्या.

आरोप खोटा होता काय ? येथें प्रामाणिक टीकाकारास दोन गोष्टी वेगळ्या कराव्या लागतात. बाईंनीं फसवणूक केली, पैशासाठीं केली, विद्येच्या नांवाखालीं जाळें पसरलें, हा हेत्वारोप होता. त्याला आधार नव्हता, आणि ज्या बाईनें आपली सारी हयात निराश्रित स्त्रियांसाठीं झिजविली तिच्या चरित्रानेंच तो खोटा ठरविला आहे. परंतु सदनांत अलिप्तता खरोखर राहिली होती काय, हा प्रश्न होता. आणि तो रास्त होता. बाईंचें म्हणणें असें कीं, मी माझ्या खोलींत दार उघडें टाकून प्रार्थना करतें. कोणास बोलावीत नाहीं, आलेलीस हांकलून देत नाहीं. लपवालपवीपेक्षां हें कितीतरी सरळ. तथापि जगानें टाकलेल्या दहाबारा वर्षांच्या मुलीला जी बाई पोटाशीं धरते, तिचें उघडें दार हें केवळ दार राहत नाहीं. माया हीच तेथें सर्वांत मोठें आमंत्रण होते. बाईंनीं हा भेद पुरता ओळखला नाहीं असें आम्हांस वाटतें. उलट पक्षीं, त्या उघड्या दाराला कोंडी घालूं पाहणाऱ्यांनीं या मुलींसाठीं तोंवर किती दारें उघडीं ठेविलीं होतीं, हें विचारण्याचा हक्क बाईंना होता. त्या प्रश्नाचें खरें उत्तर वर्तमानपत्रांतून आलें नाहीं. तें अण्णासाहेब कर्व्यांनीं दिलें. शारदा सदनांतच शिकलेल्या गोदूबाईंशीं त्यांनीं मार्च १८९३ मध्यें पुनर्विवाह केला आणि १८९६ सालीं विधवांसाठीं आश्रम काढला. आरोपांतील खऱ्या अंशाला याहून सुंदर उत्तर कोणी दिल्याचें आम्हांस आठवत नाहीं.

आतां 'माझी साक्ष' पहा. १९०७ सालीं इंग्रजींत निघालेल्या या लहानशा पुस्तकांत आपल्या शत्रूंचा हिशेब चुकता करण्याची संधि बाईंना होती. १८९३ चें वादळ हा पुस्तकाचा कणा होईल अशी वाचकाची अपेक्षा असते. तसें होत नाहीं. बाई वडिलांची विद्या सांगतात, तीर्थयात्रा सांगतात, दुष्काळांत आईबाप कसे गेले तें सांगतात. आणि मग स्वतःवर असा एक आरोप ठेवतात जो 'केसरी'लाहि सुचला नव्हता. १८८३ सालीं इंग्लंडांत बाप्तिस्मा घेतला खरा, पण पुढें कित्येक वर्षें आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता, असें त्या म्हणतात. ज्याच्यासाठीं स्वकीयांचे शिव्याशाप खाल्ले, तेंच आपल्यापाशीं पुरतें नव्हतें, अशी ही कबुली आहे. बचाव करणाऱ्या मनुष्याच्या तोंडून हें वाक्य कधींहि निघणार नाहीं. साक्ष व बचाव यांतील फरक मराठी वाचकाला समजून घ्यावयाचा असेल तर त्यानें एवढा एकच भाग वाचावा.

हें मौन दुबळेपणाचें होतें असें मात्र कोणी समजूं नये. १९७७ सालीं बाईंचा इंग्लंडांतील ख्रिस्ती भगिनींशीं झालेला पत्रव्यवहार प्रसिद्ध झाला. त्यांत दिसतें तें असें कीं, इकडे ज्या बाईला धर्मबुडवी म्हणत होते तिलाच तिकडे तिच्या गुरुभगिनी अहंकारी, हट्टी, आज्ञाभंग करणारी ठरवीत होत्या. आणि बाई त्यांना मुद्द्यामागून मुद्दा मांडून, तसूभरहि न वांकतां, पण प्रेमाचा धागा न तोडतां उत्तरें देत होत्या. समजून घेण्याची ज्यांची तयारी होती त्यांच्याशीं वाद. निकाल देऊन बसलेल्यांपुढें काम. १८९६-९७ च्या दुष्काळांत मध्यप्रांतांतून सुमारें तीनशें निराधार मुली आणून त्यांनीं केडगांवीं वसविल्या. पुढें मूळ भाषांवरून बायबलाचें सोप्या मराठींत भाषांतर करण्यांत त्यांनीं आयुष्याचा उत्तरार्ध घालविला, आणि तें काम पुरें करूनच १९२२ सालीं देह ठेविला. रमाबाईंची बाजू त्यांच्या धर्मांतरानंतर जाहीरपणें घेणाऱ्यांत जोतीराव फुले होते. १८८५ सालच्या 'सत्सारां'त त्यांनीं ती घेतली. फुले स्वतः ख्रिस्ती नव्हते. आळ आलेल्याची बाजू घेण्यास त्याच्या पंथाचें असावें लागत नाहीं, हा धडा त्यांनीं घालून दिला; आमच्या पदवीधर वर्गानें तो फारसा गिरविला नाहीं.

'स्मृतिचित्रां'कडे वळलें कीं हवा बदलते. १० फेब्रुवारी १८९५ रोजीं नारायण वामन टिळकांनीं मुंबईंत बाप्तिस्मा घेतला. बायकोला टाकून बाटला, हा आरोप टिळकांवर; आणि ही बाई आतां काय करणार, ही कुजबुज लक्ष्मीबाईंभोंवतीं. पांच वर्षें त्या नवऱ्यापासून दूर, आप्तांच्या पहाऱ्यांत राहिल्या. चार भागांचें हें आत्मचरित्र १९३४ पासून प्रसिद्ध होऊं लागलें, तोंपर्यंत टिळकांना जाऊन पंधरा वर्षें झालीं होतीं, आणि ते थोर कवि म्हणून मान्य झाले होते. दुसरी एखादी पत्नी असती तर तिनें नवऱ्याची मूर्ति घांसूनपुसून लख्ख केली असती. लक्ष्मीबाई टिळकांचा तापट स्वभाव सांगतात, उधळेपणा सांगतात, घरांत पैसा नसतांना झालेल्या फजित्या सांगतात. आणि स्वतःचें सोंवळें, स्वतःचें अज्ञान, स्वतःचा हट्ट तर चवीनें सांगतात. ज्या घराचीं सगळीं कपाटें मालकिणीनेंच उघडून दाखविलीं त्या घराविषयीं शेजाऱ्यांनीं कुजबुजावयाचें तरी काय ? त्यांच्या विनोदाची आम्ही नुसती मौज लुटतों, पण त्या विनोदाला एक कठोर नीति आहे. तो सासरच्यांना हंसतो, मिशनऱ्यांना हंसतो, पण आधीं स्वतःला हंसतो. म्हणूनच त्यांत विखार नाहीं. 'अरुणोदया'ला जी कसोटी उतरतां आली नाहीं ती 'स्मृतिचित्रें' सहज उतरतें. सोडून आलेल्या माणसांविषयींची माया या पुस्तकांत शेवटपर्यंत ओली आहे. तिन्हींत श्रेष्ठ कलाकृति हीच, आणि आमच्या मतें तिच्या श्रेष्ठतेचें कारण हें नैतिक आहे.

येथवर आळ सोसणाऱ्यांचा विचार झाला. पण खोटी साक्ष देऊं नको ही मोशेच्या दहा आज्ञांतील आज्ञा बोलणाऱ्याला उद्देशून आहे, आणि आमच्यापैकीं बहुतेकांचा संबंध येतो तो त्याच बाजूनें. १८९७ सालीं प्लेगच्या बंदोबस्तांत गोऱ्या शिपायांनीं पुण्यांत दोघां स्त्रियांची अब्रू घेतली, असें मित्रांच्या पत्रांवर विसंबून गोपाळराव गोखल्यांनीं इंग्लंडांत सांगितलें. परत आल्यावर पुरावा देण्यास कोणी पुढें येईना. तेव्हां त्यांनीं जाहीर व बिनशर्त माफी मागितली. या माफीबद्दल त्यांच्या देशबांधवांनीं त्यांना भित्रे ठरविलें. म्हणजे एक आरोप मागें घेतल्याबद्दल दुसरा आरोप सोसण्याची पाळी त्यांच्यावर आली. गोखले ख्रिस्ती नव्हते. परंतु त्या आज्ञेचें इतकें कसून पालन करणारा सार्वजनिक पुरुष आम्हांस दुसरा माहीत नाहीं. आरोप सिद्ध करतां येत नसेल तर तो मागें घ्यावयाचा, मग तो खरा आहे अशी मनाची खात्री कां असेना, ही तलवारीची धार आहे.

आम्हांस हें लिहिण्याचा अधिकार किती, तेंहि सांगून टाकणें बरें. पुष्कळ वर्षांपूर्वीं एका महाविद्यालयांत आम्ही नवे असतां एका सहकाऱ्याविषयीं कुजबुज उठली कीं, त्यांनीं परीक्षेच्या गुणांत फेरफार केला. ते अध्यापकांच्या खोलींत आले कीं बोलणें थांबे, आणि गेले कीं पुन्हां सुरू होई. रीतसर चौकशी झाली. तींत कांहींएक निष्पन्न झालें नाहीं. पण तोंवर त्यांनीं नोकरी सोडली होती. आम्हीं त्यांच्याविरुद्ध एक अक्षरहि उच्चारलें नव्हतें, आणि या गोष्टीचा आम्हांस कित्येक वर्षें थोडा अभिमानच वाटे. पुढें एकदां दादरच्या स्टेशनावर त्यांची गांठ पडली. जुन्या प्रकरणाविषयीं आम्हीं दिलगिरी दाखवितांच ते शांतपणें म्हणाले, "बोलणाऱ्यांचीं नांवें मला आठवत नाहींत. ऐकत बसलेल्यांचीं आठवतात." गाडी आली आणि ते गेले. आम्ही बोललों नव्हतों हें खरें. पण ऐकलें सगळें होतें, आणि एकदांहि, तुम्हांला हें कोणीं सांगितलें, असें विचारलें नव्हतें.

सत्राजितानें आळ घेतला तेव्हां द्वारकेंतील लोक कृष्णाबरोबर अरण्यांत गेले आणि गुहेच्या तोंडाशीं त्याची वाट पाहत बसले, असें भागवतांत आहे. थोड्या दिवसांनीं ते कंटाळून परत फिरले. पण निदान गुहेपर्यंत तरी ते गेले होते. बाबांच्या, रमाबाईंच्या आणि लक्ष्मीबाईंच्या पुस्तकांपाशीं आमच्या वर्गानें आज तरी तेवढें चालून जावें. चतुर्थीचा चंद्र दिसला तर कथा ऐकावी असें आज्या सांगत. आम्ही एवढेंच जोडूं इच्छितों कीं, दुसऱ्याच्या आळाची कुजबुज कानीं पडली तरीहि कथा ऐकावी, आणि ती शक्य तों ज्याच्यावर आळ आला त्याच्याच तोंडून.